बोटाचा सांधा बदलताना: सिलिकॉन की पायरोकार्बन?

सिलिकॉनचा सांधा म्हणजे एकच लवचिक तुकडा, त्याचे दांडे दोन्ही बाजूंच्या हाडांत खोचलेले. 1960च्या दशकात हाताचे शल्यचिकित्सक स्वॅन्सन यांनी तो आणला. संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांसाठी आजही वापरतात. पण तो तुटतो. संगणकाच्या मॉडेलमध्ये बोट वाकवून पाहिलं, की दांडा आणि बिजागरी जुळतात तिथे ताण एकवटलेला दिसतो. भेगही बहुधा तिथेच पडते! पायरोकार्बनचे, म्हणजे कार्बनच्या एका कठीण, गुळगुळीत प्रकाराचे, दोन सुटे भाग एकमेकांवर सरकतात, कडकपणाही हाडाच्या जवळचा. मात्र त्यांना धरून ठेवायला अस्थिबंध (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे) शाबूत हवेत, नाहीतर सांधा निखळतो. म्हणून मॉडेलमध्ये नुसती हाडं घेऊन भागत नाही, अस्थिबंधांची ओढही धरावी लागते. ते सैल असतील तर माझा कौल सिलिकॉनलाच.