गल्लीतला वाडा घ्यावा की मळ्यात नवे बांधावे?

धारवाडच्या मनोरुग्णालयातून डिस्चार्ज मिळालाय, पण घरी लगेच निभणार नाही, अशा आठ-दहा जणांसाठी निवासी घर काढायचे म्हटले की बेळगावात जागा दोन तऱ्हेच्या दिसतात. शहापूर-वडगावकडचा जुना वाडा, नाहीतर खानापूर रस्त्याला कुणी देऊ केलेला मळ्याचा तुकडा आणि त्यावर नवे आरसीसी. देणगीदाराला दुसरे आवडते. मी वाड्याच्या बाजूचा, हे आधीच सांगतो.

मळ्यातल्या झाडीसाठी हटकून रॉजर उलरिच यांच्या १९८४ च्या अभ्यासाचा दाखला देतात: खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. खरे आहे, पण ते पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण होते. आपल्या जास्त कामाचा अभ्यास मिलानचा, २००१ चा. बायपोलर म्हणजे नैराश्य आणि उन्माद आलटून-पालटून येणारा आजार. त्यातल्या नैराश्याचे रुग्ण पूर्वेच्या खोल्यांत असले तर पश्चिमेच्या खोल्यांतल्यांपेक्षा सरासरी ३.६७ दिवस कमी रुग्णालयात राहिले. बायपोलर नसलेल्या नैराश्यात तो फरक दिसला नाही. म्हणून झाडांआधी सकाळचे ऊन बघा. इथे मळा जिंकतो, दिशा तुमच्या हातात असते. वाड्याचे माजघर भरदुपारी अंधारे. तिथे कोठी करा, खाटा परड्याकडच्या, म्हणजे मागच्या अंगणाकडच्या खोल्यांत टाका आणि काचेची कौले बसवा. माडीवर कुणाला झोपवू नका. गोळ्यांची गुंगी आणि वाड्याचा उभा जिना जमत नाही.

पावसात मळा हरतो. खर्च वाचवायला वरचा मजला पत्र्याचा करतात आणि खानापूरकडचा पाऊस त्यावर रात्रभर वाजतो. बायपोलरच्या माणसाची झोप ओळीने दोन-तीन रात्री मोडली तर ते उन्मादाला आवतणच. गल्लीतही गणपतीचे अकरा दिवस आहेतच म्हणा, पण ते आधी ठाऊक असतात.

माझा खरा मुद्दा सोप्याचा, म्हणजे वाड्याच्या दारातल्या ओसरीचा. सोप्यावर बसलेला माणूस धड घरात नसतो, धड रस्त्यावर नसतो. बोलायचे नसेल तर नुसता बघतो, नको वाटले तर आत जातो. नव्या इमारतीत एक दार, एक टीव्ही असा हॉल काढतात. ज्याला माणसे सोसत नाहीत तो खोलीतून बाहेरच येत नाही. मळ्यातच बांधणार असाल तर रुंद पडवी आणि तिला दोन वाटा मागून घ्या. पण न्हावी, किराणा, बस कुठून आणणार? तिथे गाडी लागते, आणि ड्रायव्हर सुटीवर गेला की सगळे आत. गावापासून लांब, भिंतीआड ठेवायची जुनी रीत आपण शांततेच्या नावाखाली पुन्हा बांधतो.

नोंदणी दोन्हीकडे लागते, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार राज्य प्राधिकरणाकडे. साखळदंड आणि एकांतकोठडी त्यात बंद आहेत. नकाशात बाहेरून कडी लावायची खोली दिसली तर खोडा. २००१ मध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीच्या आगीत साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण गेले. खिडकीच्या गजांत उघडणारा भाग हवाच. न्हाणीचे दार बाहेर उघडू द्या, आत कुणी पडला तर ढकलता येत नाही. परड्यातला आड झाकून घ्या. जिवाला धोका असलेल्या माणसाला मात्र दोन्हींपैकी कुठेच ठेवू नका, त्याची जागा रुग्णालयात.

वाडा बघायला सकाळी सातला जा, ऊन कुठवर येते ते कळेल. आणि विसार देण्याआधी उतारा काढा, त्यावर किती चुलतभाऊ आहेत ते मोजायला.