दवाखान्यात दारूविषयी विचारताना: ‘केज’ की ‘ऑडिट-सी’?

बाहेर दहा रुग्ण ताटकळत असताना समोरच्याला दारूविषयी नेमके काय विचारावे, हे ठरवू पाहणाऱ्या पुण्यातील फॅमिली डॉक्टरांसाठी हा आढावा आहे.

दारूचे व्यसन ओळखण्यासाठी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘केज’ या प्रश्नावलीत चारच प्रश्न आहेत: पिणे कमी करावे असे कधी वाटले का, कोणी त्यावरून बोलले की राग येतो का, अपराधी वाटते का, आणि सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागते का. दोन होकार आले की व्यसनाचा संशय घ्यावा. हे प्रश्न तोंडपाठ राहतात. मात्र ते परिणामांविषयी आहेत, प्रमाणाविषयी नाहीत, त्यामुळे शनिवारी-रविवारी भरपूर पिणारा, पण अद्याप कसलीच खंत नसलेला तिशीतला रुग्ण त्यांतून सहज निसटतो.

‘ऑडिट-सी’ म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या ‘ऑडिट’मधील पहिले तीन: किती वेळा घेता, एका वेळी किती, आणि एका बैठकीत सहा किंवा अधिक पेये किती वेळा होतात. अडचण आहे ती ‘पेय’ या मापाची. संघटनेच्या हिशेबाने एक पेय म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल, पण आपल्याकडे असे मोजतो कोण? “डॉक्टर, रोज फक्त एक क्वार्टर,” असे सांगणाऱ्या काकांच्या १८० मिलिलिटर व्हिस्कीत, अल्कोहोल ४२.८ टक्के धरल्यास, सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे त्या ‘फक्त’मध्येच सहा पेये होतात. म्हणून क्वार्टर, नाइंटी की बिअरची बाटली, असे विचारून हिशेब डॉक्टरांनीच करावा.

नव्या रुग्णासाठी मी ‘ऑडिट-सी’च निवडेन. ‘केज’मधील सकाळचा प्रश्न मात्र त्याला जोडावा, कारण अवलंबित्वाचा सुगावा त्यातूनच लागतो. तंबाखूला या दोन्ही प्रश्नावल्या शिवत नाहीत, आजीबाईंना “तंबाखू खाता का?” विचारल्यास नकारच येतो, “मिश्री लावता का?” हे वेगळे विचारावे लागते.

शेजारच्या स्टुलावर पत्नी बसलेली असेल तर कोणतीही प्रश्नावली व्यर्थ ठरते. रक्तदाब तपासण्याच्या निमित्ताने रुग्णाला पडद्याआड न्यावे. सकाळच्या प्रश्नाला होकार आला आणि हात थरथरत असतील, तर “आजपासून बंद” असे बजावू नये, कारण रोज पिणाऱ्याने एकदम सोडल्यास पहिल्या दोन दिवसांत झटके आणि त्यानंतर भ्रम उद्भवू शकतो. अशा रुग्णाला मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा १९८६ पासून पुण्यात काम करणाऱ्या ‘मुक्तांगण’सारख्या व्यसनमुक्ती केंद्रात चिठ्ठी देऊन पाठवावे.