गूफी चॅलेंजची तयारी: सलग धावावं की रन-वॉक करावं?

फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डच्या मॅरेथॉन वीकेंडला जायचं ठरलं, तिथल्या गूफी चॅलेंजसाठी नाव नोंदवून झालं, की आपल्याकडच्या धावणाऱ्यांचा पुढचा प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. शनिवारी हाफ मॅरेथॉन (21 किलोमीटर) आणि रविवारी फुल (42), म्हणजे दोन दिवसांत 63 किलोमीटर. हे सलग धावून काढायचं, की पहिल्या किलोमीटरपासून थोडं धाव, थोडं चाल असं करायचं? मी दोन्ही केलंय. पहिल्या खेपेला सलग धावलो, दोन वर्षांनी रन-वॉक केलं. दोन्ही वेळा हाफचं, फुलचं आणि गूफीचं अशी तिन्ही पदकं गळ्यात घालून परत आलो, त्यामुळे अमक्या पद्धतीने गूफी होतच नाही असं मी म्हणणार नाही. माझं मत कुठे झुकतं ते पुढे कळेलच.

आधी सलग धावण्याबद्दल, कारण मुंबईत आपण तेच शिकतो. शिवाजी पार्कचे फेरे असोत, मरीन ड्राइव्हवर एनसीपीएपासून गिरगाव चौपाटीपर्यंत जाऊन परत येणं असो, नाहीतर पेडर रोडचा चढ, ग्रुपमध्ये सगळे एका लयीत धावतात. ती लय एकदा लागली की श्वास आपोआप बसतो, घड्याळाकडे बघावं लागत नाही आणि बरोबरच्याशी गप्पा मारता मारता 20 किलोमीटर सरतात. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी मी स्वतः अजूनही असाच धावतो. शर्यत एका दिवसाची, रस्ता ओळखीचा आणि वाटेत थांबायचं काही कारण नाही, तेव्हा सलग धावण्यासारखं सुख नाही.

डिस्नेच्या शर्यतीत मात्र थांबायची कारणं जागोजागी आहेत. हाफचा मार्ग एपकॉट या पार्कजवळून निघून मॅजिक किंगडम या दुसऱ्या पार्कमध्ये जातो आणि परत एपकॉटला येतो. फुल डिस्नेच्या चारही पार्कांतून जाते. वाटेत मिकी-गूफीची मंडळी फोटोसाठी उभी असतात आणि त्यांच्यापुढे धावणाऱ्यांच्या रांगा लागतात. मॅजिक किंगडममधल्या किल्ल्यातून बाहेर पडल्यावर पुढचा रस्ता बराच अरुंद होतो, तिथे गर्दी आपोआप मंदावते. एवढ्या लांबून, एवढा खर्च करून गेल्यावर हे सगळं न बघता पुढे पळत जावं असं मला तरी वाटत नाही.

माझं ठरलं ते या थांबण्यामुळेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या खेपेला माझी भाची बरोबर होती. बहीण ऑरलँडोलाच राहते, तिची मुलगी. दहाव्या किलोमीटरच्या आसपास आम्ही किल्ल्यापाशी पोचलो. अजून उजाडलं नव्हतं, दिव्यांनी उजळलेला किल्ला समोर, दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवणारी माणसं. भाची म्हणाली, "मामा, इथे थांबायचंच हं." मलाही थांबायचंच होतं. डोनाल्डबरोबरच्या फोटोच्या रांगेत आम्ही बारा मिनिटं उभे राहिलो. तोवर अंगावरचा घाम गार झाला. बारीक वारा होता, आणि मुंबईच्या माणसाला जानेवारीतला फ्लोरिडाचा पहाटवारा चांगलाच बोचतो. फोटो काढून झाला, पहिलं पाऊल टाकलं आणि उजव्या पोटरीत गोळा आला. टाच टेकवली की कळ गुडघ्यापर्यंत जायची. कडेचा खांब धरून पाय ताणला, अर्धा मिनिट चाललो, मग पळायला लागलो. लय परत बसायला जवळजवळ दीड किलोमीटर लागला. ती बसते न बसते तोच स्वच्छतागृहाच्या रांगेत उभं राहणं आलं आणि पुन्हा तेच. त्या हाफमध्ये आम्ही पाच वेळा थांबलो, पाचही वेळा मला नव्याने सुरुवात करावी लागली.

संध्याकाळी बहिणीच्या घरी जिना उतरताना कठडा धरून आडवं आडवं उतरावं लागलं. दुसऱ्या दिवशी तिसाव्या किलोमीटरनंतर पाण्यासाठी थांबलो की निघवेना. फुल पूर्ण झाली, पण शेवटचे 12 किलोमीटर मी नाइलाजाने चाललो.

गंमत म्हणजे फिटनेस कमी पडला नव्हता. त्याआधीच्याच डिसेंबरमध्ये मरीन ड्राइव्हवर शनिवारी 18 आणि रविवारी 30 किलोमीटर मी न कुरकुरता काढले होते. मी धावण्याचा सराव केला होता, थांबून पुन्हा निघण्याचा केला नव्हता.

रन-वॉक पद्धत रूढ केली जेफ गॅलोवे यांनी. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ते 10,000 मीटर धावले होते आणि डिस्नेच्या शर्यतींचे प्रशिक्षण सल्लागार म्हणून त्यांनी अनेक वर्षं काम केलं. पद्धतीचं मर्म एकच: दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधी चालायचं, अगदी पहिल्या किलोमीटरपासून. मी 60 सेकंद धावणं आणि 30 सेकंद झपाझप चालणं असं प्रमाण ठेवलं. धावण्याचा पेस (किलोमीटरला लागणारी मिनिटं) 6:45 आणि चालण्याचा साडेदहा धरला तर सरासरी किलोमीटरला 7:40 च्या आसपास येते. डिस्नेची अट मैलाला 16 मिनिटांची, म्हणजे किलोमीटरला साधारण 10. फोटोंसाठी भरपूर वेळ हाताशी राहतो.

तरी एक लक्षात ठेवा. ही किमान गती दाखवणाऱ्या, फुगे बांधलेल्या बायका सर्वांत शेवटच्या कॉरलच्या (सुरुवातीला उभं राहायच्या गटाच्या) मागून त्या 16 मिनिटांच्या गतीने निघतात. तुमचा कॉरल पुढचा असेल तर त्यांच्यापेक्षा तेवढं आधी निघायला मिळतं; शेवटच्या कॉरलमध्ये असाल तर फोटो मोजूनच काढावे लागतील.

दुसऱ्या खेपेला भाचीबरोबर त्याच किल्ल्यापाशी, जवळपास तेवढाच वेळ उभा राहिलो. निघताना आधी 30 सेकंद चाललो, मग धावलो. पोटरीला कळलंसुद्धा नाही. शरीराला तोवर पन्नासेक वेळा 'थांब आणि परत निघ' याची सवय झालेली होती. शनिवारी संध्याकाळी आम्ही एपकॉटमध्ये दोन तास फिरलो, आणि रविवारी मी पहिल्या खेपेपेक्षा नऊ मिनिटं आधी पोचलो. हवाही त्या वर्षी जरा बरी होती, त्यामुळे नऊच्या नऊ मिनिटांचं श्रेय मी रन-वॉकला देणार नाही. पायांचं मात्र देईन.

रन-वॉकचेही त्रास आहेत. घड्याळ दर अर्ध्या-एक मिनिटाने पीप करतं, पहिल्या आठवड्यात ते अगदी नकोसं होतं. मी आवाज बंद करून नुसतं व्हायब्रेशन ठेवलं. गर्दीत एकदम चालायला लागलात तर मागचा अंगावर येतो, म्हणून आधी हात वर करायचा, कडेला सरकायचं आणि मगच चालायचं. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये सगळं जग आपल्या पुढे निघून जातंय असं वाटतं, तेव्हा धीर धरावा लागतो.

मला सगळ्यात जड गेलं ते मुंबईत ग्रुप सुटणं. पार्ल्याहून दादरला जाऊन ज्यांच्याबरोबर सहा वर्षं धावलो ते दोन मिनिटांत पुढे जायचे. "दादा, चालायचंच होतं तर मॅरेथॉन कशाला?" असं एकाने प्रेमानेच विचारलं, तरी लागलंच. ऑक्टोबरच्या उकाड्यात मात्र उलटं झालं. दमट हवेत सलग धावताना 15 किलोमीटरनंतर माझा श्वास धपापायला लागतो. दर मिनिटाने चालल्यावर नाडी तेवढी चढत नव्हती, आणि लाँग रन संपवून घरी आल्यावर दिवसभर झोपून राहावं लागत नव्हतं. त्यामुळे सोमवारी ऑफिसात डोळे मिटत नव्हते, हा फायदाही मी मोजला.

पद्धत कुठलीही ठरवा, तीन गोष्टींचा सराव मुंबईतच करा. पहिली, पहाट. हाफ आणि फुल दोन्ही तिथल्या पाच वाजता सुटतात आणि कॉरलमध्ये त्याआधी बराच वेळ उभं राहावं लागतं, म्हणजे उठायचं दोनच्या सुमारास. बोरिवलीचं नॅशनल पार्क मला फार आवडतं, कान्हेरीचा चढ पायांना घडवतो, पण एवढ्या अपरात्री तिथे जाता येत नाही. मरीन ड्राइव्हला दिवे असतात आणि माणसंही असतात. लोकल सुरू व्हायच्या आधी पोचायचं तर दोघातिघांनी मिळून गाडी करावी.

दुसरी, खाणं. तिथे पहाटेचे पाच म्हणजे आपल्याकडचे दुपारचे साडेतीन. दोन-तीन दिवसच आधी पोचणार असाल तर पोट मुंबईच्याच वेळेवर असतं. मी दुपारी जेवून तीन तासांनी धावून पाहिलं तेव्हा कळलं की तूप-मेतकूट-भात चालतो, पोळी-भाजी जड होते. शर्यतीसाठी गूळ-शेंगदाण्याची चिक्की नेली होती, थंडीत ती दगडासारखी होते, म्हणून आधीच छोटे तुकडे करून ठेवले. शिवाय सुरुवातीला टाकून देता येईल असा जुना स्वेटर न्या.

तिसरी गोष्ट अर्थात थांबणं. लाँग रनमध्ये दोनदा घड्याळ लावून दहा-दहा मिनिटं नुसतं उभं राहा आणि परत निघा. मी चौपाटीपाशी उभा राहायचो. कुठली पद्धत तुमच्या पायांना मानवते ते तिथेच कळेल.

किलोमीटरला साडेपाचने आरामात धावणारे असाल, फोटोंची हौस नसेल आणि वेळ नोंदवायलाच निघाला असाल, तर सलग धावा. तुम्हाला पुढचा कॉरल मिळेल आणि रांगा लागायच्या आधी तुम्ही पुढे गेलेले असाल. बाकीच्यांनी, विशेषतः जे घरच्या कुणाबरोबर जाताहेत त्यांनी, ऑगस्टपासून 60-30 करून बघावं. पटलं नाही तर ऑक्टोबरमध्ये सलग धावण्याकडे परत यायला वेळ असतो. आणि सलगच धावायचं ठरलं, तर शनिवारी किल्ल्यापाशी एकच फोटो काढा, तोही जिथे रांग सगळ्यात छोटी असेल तिथे, आणि उभ्या उभ्या टाचा वरखाली करत राहा.