सोळा प्रकारांपासून एकशेवीस प्रश्नांपर्यंत: व्यक्तिमत्त्व चाचण्यांचा दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या दहा महिन्यांत मी सोळा प्रकारांची ती प्रसिद्ध टेस्ट चार वेळा दिली. पहिल्यांदा ऑफिसच्या कार्यशाळेत आणि पुढे तीन वेळा घरी, त्याच लिंकवर, मध्ये दोन-तीन महिने जाऊ देऊन. मूळ एमबीटीआय (मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर) नव्हे, त्याच धर्तीवरची मोफत मिळणारी. निकाल चार अक्षरांत येतो, प्रत्येक अक्षर म्हणजे दोन विरुद्ध कलांपैकी एक. त्या चारांपैकी तीन दर वेळी तीच आली. तिसरं अक्षर मात्र दोनदा ‘विचार’ आलं आणि दोनदा ‘भावना’.

टक्के बघितले तर फरक जवळपास नाहीच. एकदा विचाराकडे ५३, एकदा भावनेकडे ५२. पण रिपोर्ट उघडला की दोन वेगळ्या बायकांची वर्णनं समोर येतात. एक थंड डोक्याने आखणी करणारी, कुणाची भीड न बाळगणारी. दुसरी इतरांसाठी झटणारी, हळव्या मनाची. जून ते सप्टेंबर या काळात मी एकीची दुसरी झाले, असं काही घडलेलं नव्हतं. मी मधल्या रेषेजवळ उभी आहे, एवढंच त्या आकड्यांचं म्हणणं होतं. अक्षर द्यायचं तर रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे ढकलावंच लागतं.

ही माझ्या एकटीची गोष्ट नाही. अशा कुठल्याही गुणाचा आलेख काढला तर बहुतेक माणसं मध्ये दाटीने असतात आणि दोन्ही टोकांना थोडी. अंतर्मुखांचा एक डोंगर, बहिर्मुखांचा दुसरा आणि मध्ये दरी, असं चित्र मिळत नाही. दाटी असते तिथूनच सुरी फिरवली तर अगदी शेजारी उभी असलेली दोन माणसं वेगवेगळ्या खोक्यांत पडणार.

या पद्धतीचा उगमही कार्यशाळेत कुणी सांगितला नाही, मी नंतर वाचला. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने १९२१ साली मांडलेल्या प्रकारांवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ही रचना उभी केली. दोघींचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात माणसाला त्याच्या स्वभावाला साजेसं काम मिळावं, या तळमळीने इझाबेलने प्रश्नावलीचं काम सुरू केलं. मला त्या तळमळीबद्दल आदर आहे. आपल्यापेक्षा वेगळ्या स्वभावाचा माणूस चुकीचा नसतो, ही गोष्ट या टेस्टने असंख्य लोकांपर्यंत पोहोचवली. आमच्या कार्यशाळेतही त्या दिवशी वर्षानुवर्षं एकमेकांवर धुसफुसणारे दोन सहकारी पहिल्यांदा नीट बोलले. एकाला कामाची यादी आधीच हातात हवी असते, दुसऱ्याला काम करता करता दिशा सापडते. हे शब्दांत मांडता आल्यावर त्यांच्यातला ताण खरंच कमी झाला. माझ्या मते या टेस्टचा सर्वांत मोठा उपयोग हाच, की बोलायला शब्द मिळतात.

पण त्याच दिवसानंतर मी एक चूक केली आणि ती लिहिल्याशिवाय हा अनुभव पूर्ण होणार नाही.

माझ्या टीममध्ये एक मुलगी आहे. तिचं पहिलं अक्षर ‘अंतर्मुख’ आलं. पुढच्याच महिन्यात क्लायंटसमोर मोठं प्रेझेंटेशन होतं. कामातला बराच भाग तिचा होता, तरी मी ते दुसऱ्याकडे दिलं. तिला अवघडायला नको, असा माझा हेतू होता आणि मला त्या वेळी मी समजूतदार वाटत होते. आठवड्याभराने ती येऊन शांतपणे म्हणाली, “मॅडम, मला गर्दीत गप्पा मारायला आवडत नाही. पण लोकांसमोर बोलायला मी कधीच घाबरले नाही. तुम्ही मला विचारायचं होतं.” मला उत्तर सुचलं नाही. मी तिला दोन वर्षं रोज बघत होते आणि तरी दहा मिनिटांच्या प्रश्नावलीवर जास्त विश्वास ठेवला. नेमणुकीसाठी किंवा उमेदवार गाळण्यासाठी एमबीटीआय वापरू नये, असं खुद्द तिचे प्रकाशकच सांगतात. मी कुणाची नेमणूक करत नव्हते, पण संधी वाटत होते. परिणाम तोच.

त्यानंतर मी बिग फाइव्हकडे वळले. आयपीआयपी या सर्वांसाठी खुल्या प्रश्नसंग्रहावर बेतलेली १२० प्रश्नांची मोफत चाचणी आहे, तीच वापरली. यात प्रकार नसतात. अनुभवांबद्दलचा मोकळेपणा, शिस्तशीरपणा, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता हे पाच गुण आणि प्रत्येकाखाली सहा उपगुण. प्रत्येकात तुम्ही इतरांच्या तुलनेत कुठे आहात, हे कळतं. वाचायला कंटाळवाणा रिपोर्ट. ‘मार्गदर्शक’, ‘शिल्पकार’ अशी पदवी कुणी देत नाही. पण बहिर्मुखतेखालचे उपगुण बघितले आणि त्या मुलीचं बोलणं मला नव्याने कळलं. माणसांच्या घोळक्यात रमणं हा एक उपगुण आणि आपलं म्हणणं ठामपणे मांडणं हा दुसरा. माझे स्वतःचे या दोन्हींचे स्कोअर दोन टोकांना होते. घोळक्याची आवड कमी, ठामपणा भरपूर, आणि एकूण बहिर्मुखता मध्यम. ‘अंतर्मुख’ या एका शब्दात मी त्या मुलीच्या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या होत्या.

वर्णन पटलं म्हणजे ते खरं, या समजुतीचाही मला एकदा सोक्षमोक्ष लावायचा होता. १९४८ साली बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना चाचणी दिली आणि मग प्रत्येकाच्या हाती ‘त्याचं’ म्हणून एक वर्णन ठेवलं. नेमकेपणाबद्दल मुलांनी त्याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं, ज्योतिषाच्या पुस्तकातल्या वाक्यांवरून जुळवलेलं. मी घरी हाच प्रयोग ताईवर केला. माझ्या प्रकाराचं वर्णन वाचून दाखवलं, मग न सांगता भलत्याच प्रकाराचं. दोन्ही वेळा ती म्हणाली, “अगदी तू!” दुसऱ्या वेळी तर तिने दोन उदाहरणंही दिली.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते सांगते.

सोळा प्रकारांच्या मूळ रचनेत भावनिक अस्थिरतेला जागाच नाही. चिंता, चटकन खचणं, राग हे तिथे मोजलंच जात नाही, त्यामुळे सोळाही वर्णनं वाचायला सुखद असतात. १२० प्रश्नांच्या चाचणीत हा गुण आहे आणि माझा ‘चिंता’ हा उपगुण खूप वर आला. मी चाचणी पुन्हा दिली, मनात थोडी घासाघीस करत, सौम्य उत्तरं निवडत. तरीही तो वरच राहिला. मग मी ताईला तीच प्रश्नावली माझ्याबद्दल भरायला सांगितली. ‘ती’ म्हणजे मी, असं समजून. एका संध्याकाळी ती शेजारी बसून भरत होती आणि मी मुद्दाम स्क्रीनकडे बघत नव्हते.

शिस्त, ठामपणा, मोकळेपणा, सगळं जवळपास जुळलं. चिंतेचा आकडा मात्र तिच्या फॉर्ममध्ये तळाला होता. मी तिला माझा रिपोर्ट दाखवला. ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली. म्हणाली, “तू तर घरातली सगळ्यात शांत.” मी म्हटलं, रात्री तीन वाजता मी दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमधली वाक्यं मनात घोळवत पडलेली असते. “मग सांगायचंस ना. मला भिंतीपलीकडून कसं कळणार?”

माणसाच्या आतलं, डोळ्यांना न दिसणारं त्याचं त्यालाच जास्त नीट सांगता येतं आणि बाहेर दिसणारं काही वेळा इतरांना जास्त नीट दिसतं, असं या विषयातलं संशोधनही सांगतं. पण मला ते त्या संध्याकाळी समजलं. चाचणी हा आजाराचा निष्कर्ष नव्हे, हे मला ठाऊक आहे आणि मी तिला तसं मानलंही नाही. त्या आकड्यामुळे मी एका समुपदेशकाशी बोलायला गेले, एवढंच. तो आकडा नसता तर ‘मी कामसू आहे’ याच समजुतीत अजून काही वर्षं काढली असती.

कुणी वापरायची म्हणत असेल तर माझं मत सरळ आहे. सोळा प्रकारांची टेस्ट मित्रांत, जोडीदाराबरोबर, गप्पा सुरू करायला जरूर द्या, पण अक्षरांशेजारचे टक्के बघा आणि पन्नाशीच्या आसपासचं अक्षर सोडून द्या. कामाचं वाटप, लग्नाचा निर्णय, शिक्षणाची शाखा यातलं काहीही त्यावर ठरवू नका. स्वतःला समजून घ्यायचं असेल तर बिग फाइव्ह. कामाचा दिवस डोक्यात ताजा असताना देऊ नका, मी एकदा दिली आणि सगळी उत्तरं ऑफिसातल्या माझीच होती. जवळच्या एका माणसाकडून तुमच्याबद्दलची भरून घ्या. आमच्याकडे त्याशिवाय काहीच हललं नसतं.

ते प्रेझेंटेशन आता दर तिमाहीला तीच मुलगी करते. तिचे गुण कुठल्याच चाचणीत मोजायची मला गरज वाटलेली नाही.

ताईने आता उलटा हट्ट धरला आहे, की तिच्याबद्दल मी भरायचं. ७४ प्रश्न झाले आहेत. एका विधानाशी दोन दिवस अडून बसले आहे, ‘सहज घाबरून जाते’. पाच पर्याय समोर आहेत. तिला कधी घाबरलेलं मी पाहिलेलं नाही, आणि आता तेवढ्यावर उत्तर द्यायला हात धजत नाही.