लाकूडकामाला १२ व्होल्टचं कॉर्डलेस (बॅटरीवरचं) ड्रिल पुरतं का? माझ्या शेडमधला अनुभव

पुरतं. नुसतं पुरतं असं नाही, कपाटं आणि छोटं फर्निचर करणाऱ्यासाठी १८ व्होल्टपेक्षा तेच बरं, असं माझं ठाम मत आहे. मी नाशिकला सातपूरच्या आयटीआयमधून टर्नर झाले आणि आता इंदिरानगरला घरामागच्या शेडमध्ये सुतारकाम करते. बहुतेक प्लायचं काम असतं. जुन्या वाड्याचा सागवान हाती लागला की बाकं आणि देव्हारे. दिवसभर हातात ड्रिल असतं, त्यामुळे मनगटाला काय झेपतं हे माझ्यासाठी आकड्यांपेक्षा महत्त्वाचं आहे.

सध्या मकिटाचं डीएफ३३३डी वापरते. त्याआधी बॉशचं जीएसआर १२०-एलआय होतं. ते भावाला दिलं, त्याच्याकडे आजही छान चालतंय. कागदावर दोन्ही जवळजवळ सारखी आहेत: फिरवायचा जोर ३० न्यूटन-मीटर, ड्रिल बिट पकडणारा जबडा म्हणजे चक १० मिलिमीटरचा, दोन गिअर. फरक मुठीत आहे. बॉशची बॅटरी मुठीच्या आत शिरते, त्यामुळे मूठ गोल आणि भरीव लागते. मकिटाची बॅटरी खाली सरकून बसते, म्हणून मूठ बारीक राहते. माझा हात लहान आहे, मला मकिटा बसलं. भावाला बॉशच आवडतं. दोघांचंही बरोबर आहे.

रविवार कारंजावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलात की हमखास ऐकू येतं, "ताई, हॅमरवालं घ्या ना, भिंतीलाही चालेल." दुकानदाराचं चुकत नाही, बहुतेक गिऱ्हाइकांना पडद्याचा रॉड लावायचा असतो. पण लाकडाला हॅमरचा, म्हणजे फिरताना पुढे ठोके देण्याचा, काही उपयोग नाही. मशीन उगाच लांब आणि जड होतं, आणि खणाच्या आत हात घालून स्क्रू मारताना ती वाढलेली लांबीच नडते. भिंतीसाठी वायरवालं वेगळं मशीन ठेवावं.

व्होल्टच्या आकड्यावर भाळू नका. १२ व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे तीन सेल असतात, म्हणजे खरे १०.८, पूर्ण चार्ज झाल्यावर १२ च्या आसपास. १८ व्होल्टमध्ये असेच पाच सेल. हे सगळ्यांना माहीत असलेलं गणित आहे. पण ४८ व्होल्ट असं ठळक छापलेली स्वस्त मशीनं ऑनलाइन मिळतात, त्यातली एक बॅटरी शेजाऱ्यांनी माझ्याकडे उघडायला आणली होती. आत पाच सेल. पाचाचे ४८ कसे होणार?

दुकानात मशीन चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मी सोबत सरळ, लांब ड्रिल बिट नेते. ते चकमध्ये पकडायचं, मशीन हळू फिरवायचं आणि बिटच्या टोकाकडे बघायचं. टोक जागेवर न राहता वर्तुळ काढताना दिसलं तर चक आउट मारतोय, म्हणजे बिट सरळ धरत नाही. डॉवेलची (सांध्यातल्या लाकडी खुंटीची) भोकं त्याने कधीच मापात येणार नाहीत. मग खटका अगदी हलका दाबून बघायचा. मशीन सावकाश, धक्का न देता सुरू झालं पाहिजे. स्क्रूच्या खाचेत बिट बसवताना हाच हलका वेग लागतो. तो नसेल तर बिट उडतं आणि सनमायकावर ओरखडा उठतो.

आणि क्लच, म्हणजे ठरवलेल्या जोरापुढे स्क्रू फिरवणं थांबवणारी आकड्यांची रिंग. माझ्या मते लाकडासाठी ड्रिल निवडताना खरी परीक्षा याचीच. ऑटो बिजागरीचा (कपाटाचं दार आपोआप मिटवणारी) १६ मिलिमीटरचा स्क्रू प्लायमध्ये मारताना रिंग खालच्या आकड्यावर ठेवायची. स्क्रूचं डोकं पत्र्याला टेकलं की 'टर्रर्र' असा आवाज येतो आणि फिरणं थांबतं. एक आकडा जास्त ठेवला तर प्लायमधली आटी खरवडून निघते आणि स्क्रू जागच्या जागी फिरत राहतो. म्हणून टाकाऊ तुकड्यावर आकडा ठरवून घ्यावा.

पितळी स्क्रूला तर मी मशीन शेवटी लावतच नाही. जुना सागवान इतका घट्ट असतो की पितळेची मान पटकन तुटते. आधी स्क्रूपेक्षा बारीक पायलट भोक, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मशीनने आत घालून बाहेर काढायचा, म्हणजे लाकडात आटी तयार होते. नंतर पितळी स्क्रूला मेण लावून हाताने. देव्हाऱ्याच्या दाराला एवढा वेळ द्यावाच.

ऑटो बिजागरीची वाटी बसते त्या ३५ मिलिमीटरच्या भोकाला १२ व्होल्ट दमेल अशी शंका अनेक जण काढतात. पहिल्या गिअरवर ठेवा (माझ्या मशीनला तो मिनिटाला ४५० फेऱ्यांपर्यंत जातो), बिट धारदार असू द्या, मधूनमधून वर उचलून भुसा झटका. १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये १२-१३ मिलिमीटर खोल जायचं असतं, त्याच्याखाली जेमतेम पाच उरतात. तिथे अंगात फार जोर असलेलं मशीन मला नकोच वाटतं.

पलंगाच्या चौकटीचे ७५ मिलिमीटरचे स्क्रू मात्र इम्पॅक्टने, म्हणजे फिरवण्याच्या दिशेनेच ठोके देणाऱ्या स्क्रूच्या मशीनने. त्याच बॅटरीवर मकिटाचं टीडी११०डी चालतं, ११० न्यूटन-मीटरचं. हाताला झटका न देता स्क्रू आत जातो. आवाज फार, कानाला काहीतरी लावाच. त्याला क्लच नाही, म्हणून बिजागऱ्यांपासून ते लांब ठेवते.

मॉड्युलर किचनच्या कोपऱ्यात घुसून काम करणाऱ्यांनी बॉशचं जीएसआर १२व्ही-१५ एफसी जरूर बघावं. त्याची डोकी बदलता येतात. एकाने काटकोनात स्क्रू मारता येतो, दुसऱ्याने अगदी कडेला चिकटून. मला अजून गरज पडलेली नाही.

पैसे उरत असतील तर दुसऱ्या मशीनआधी दुसरी बॅटरी घ्या. एप्रिल-मेमध्ये माझी पत्र्याची शेड भट्टीसारखी तापते, आणि कामावरून काढलेली गरम बॅटरी चार्जर घेतच नाही. ती घरात पंख्याखाली निवायला ठेवते, तोवर दुसरी मशीनला लावते.