‘फक्त सिद्दींसाठी’ : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या दोन दिवसांच्या शिबिराचं परीक्षण

दोन दिवस, माणशी 300 रुपये, जेवणासह. पहिला दिवस फक्त सिद्दींसाठी, म्हणजे इथल्या मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजासाठी, दुसरा सगळ्यांसाठी. वर्णद्वेषाविरुद्धच्या या शिबिरावर गावातून एकच आक्षेप आला: भेद मोडायला निघालात आणि दारावर ‘फक्त अमुकांसाठी’ लिहिता? पाणवठे आणि पंगती वेगळ्या ठेवणाऱ्या मुलखात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. तरीही पहिला दिवस हाच या शिबिराचा सगळ्यात मोलाचा भाग आहे.

बावीस जणांचे तीन गट केले, तेही धर्मावरून नव्हे. सिद्दींमध्ये हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. धर्मावरून गट पाडले असते तर बंद खोलीतही भिंती उभ्या राहिल्या असत्या. प्रत्येकाने चिठ्ठीवर चार गोष्टी लिहायच्या: कुठे घडलं, कोण बोललं, नेमके शब्द काय, पुढे काय केलं. ‘तू आफ्रिकेचा ना?’ हा बसमधला प्रश्न, न विचारता केसांना हात लावणं, हे सगळं त्यात आलं. बाहेरची माणसं समोर असली की ‘तसं म्हणायचं नव्हतं हो’ यातच वेळ जातो. बंद खोलीत तो वेळ पुढे काय करायचं हे ठरवण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या नाव न घेता वाचल्या. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्या दुसऱ्याच्या हातून उतरवून घेतल्या, हे चांगलं केलं. पण ठिकाण तसंच ठेवलं. एकच किराणा दुकान असलेल्या गावात ‘किराणा दुकानदार’ म्हटलं की सगळं उघडच. नुसतं ‘दुकानात’ पुरलं असतं.

दारावरचा घोळ मोठा. स्वयंसेवक चेहरा पाहून आत सोडत होते, त्यामुळे आई सिद्दी आणि वडील दुसऱ्या समाजाचे अशी मुलं अडली. वर्णद्वेषाविरुद्धच्या शिबिरात रंग बघून प्रवेश! ‘तुम्ही स्वतःला सिद्दी म्हणता का?’ एवढं विचारावं, पुढे काही नाही. जातीचा दाखला मागणंही चूक. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा 2003 मध्ये मिळाला, बेळगाव-धारवाडच्या सिद्दींसाठी कायदा बदलला तो 2020 मध्ये. म्हणजे उत्तर कन्नडमधल्या हल्याळच्या नातेवाइकाकडे दाखला आणि इकडच्याकडे नाही, असं सहज घडतं.

पहिल्या दिवशी वाढप्यांना बाहेर वेगळं बसवलं. चर्चा वेगळी ठेवा, पंगत कधीही नाही.

दुसरा दिवस कमजोर. दीड तास व्याख्यान, चिठ्ठ्यांना जेमतेम 40 मिनिटं. हे उलटं हवं, आणि प्रत्येक चिठ्ठीपुढे कोण काय करणार हे लिहून घ्यायला हवं.

राखीव म्हटलं की हिताचंच, असंही नाही. 1987 मध्ये सरकारी क्रीडा योजनेने सिद्दी मुलं निवडली. मूळ आफ्रिकेचं, म्हणून धावणार, हे गृहीतक त्यांचं स्वतःचं नव्हतं. काही वर्षांत योजना गुंडाळली. उलट शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी समाजासमाजांची वसतिगृहं उभी करायला मदत केली आणि 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मात्र बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत घातलं. राहायला आधार आपल्या माणसांचा, शिकायचं सगळ्यांबरोबर. या शिबिराच्या दोन दिवसांची मांडणी त्याच वळणाची आहे, आणि विषय सिद्दींनीच ठरवले होते, म्हणून ती पटते.

जागेचा वाद टाळता येतो. 2017 मध्ये पॅरिसमध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांच्या महोत्सवावरून महापौरांशी खटका उडाला, तेव्हा राखीव बैठका खासगी जागेत आणि सार्वजनिक जागेतलं सगळं खुलं, असा मार्ग निघाला. इथेही पहिला दिवस कुणाच्या पडवीत आणि दुसरा समाजमंदिरात ठेवावा. नावनोंदणीचा अर्ज फक्त कानडी आणि इंग्रजीत होता. तो मराठीतही हवा, आणि कोकणी बोलणारं कुणीतरी नोंदणीच्या टेबलावर बसलेलं हवं.