पश्चिमेच्या खिडक्या बदलल्या, पूर्वेच्या राखल्या : उद्यमबागेतील एका कारखान्याच्या कामाचा अभिप्राय

बेळगाव शहरात आणि खानापूर, निपाणी, संकेश्वर या भागांत जुन्या घरांच्या लाकडी खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या, म्हणजे एका प्रकारच्या कडक प्लास्टिकच्या खिडक्या बसवून घेणे आता नित्याचे झाले आहे. टिळकवाडीतील आमच्या घराचे असे काम आम्ही शहरातील उद्यमबाग या औद्योगिक भागातील एका कारखान्याकडून करून घेतले आणि त्यावरून एक पूर्ण पावसाळा गेल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. कारखान्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच पद्धतीने काम करणारे उद्यमबागेत आणि मच्छे औद्योगिक वसाहतीत आणखीही असतील आणि वाचकाने नाव पाहण्यापेक्षा पद्धत पाहावी असे मला वाटते.

या कारखान्याविषयी पहिली चांगली गोष्ट सांगायची तर त्यांच्या माणसाने आमच्या घरातील जवळजवळ निम्म्या खिडक्या बदलण्यास नकार दिला. इतर एका ठिकाणाहून आलेल्या विक्रेत्याने दारातूनच सगळ्या खिडक्या मोजल्या, एकूण चौरस फूट काढले आणि लगेच आकडा सांगितला. एकही झडप उघडून पाहिली नाही. याउलट उद्यमबागेचा मुलगा पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर, टेप आणि पाणसळ घेऊन आला आणि प्रत्येक खिडकीपाशी थांबून चौकटीचे खालचे दोन्ही कोपरे तपासू लागला. खिडकी बदलावी की नाही याचा निकाल तावदानात किंवा झडपेत नसून चौकटीच्या याच दोन कोपऱ्यांत असतो, हे त्याचे म्हणणे मला पूर्ण पटले आहे आणि या अभिप्रायातील बाकी सगळे त्याच एका मुद्द्याभोवती आहे.

त्याचे कारण असे. चौकटीचे उभे लाकूड खालच्या आडव्या लाकडात जिथे बसते तिथे लाकडाचे कापलेले टोक असते आणि लाकूड पाणी पिते ते मुख्यतः या टोकातून. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो आणि दिवसेंदिवस चालणारी झड छज्ज्याखालून तिरकी आत शिरते. झडपेवरून ओघळणारे पाणी खालच्या आडव्या लाकडावर साचते आणि वरून रंगाचे थर चढलेले असतील तर आत गेलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. त्यामुळे वरून चकचकीत दिसणारी चौकट आतून कुजलेली असू शकते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक कोपऱ्यात दाबल्यावर चांगल्या सागवानावर नुसता व्रण उमटतो. कुजलेल्या लाकडात ते अर्धा-पाऊण इंच सहज आत जाते आणि बाहेर काढताना तपकिरी भुसा निघतो. आमच्या पश्चिमेकडच्या खोलीत नेमके हेच झाले. शेजारच्या खिडकीवर बोटाने टकटक केल्यावर पोकळ आवाज आला आणि भिंतीलगत मातीची बारीक नळी दिसली, म्हणजे तिथे वाळवीही होती. अशा चौकटीला दुरुस्ती नाही. वाळवी असेल तर नवी खिडकी बसवण्यापूर्वी भिंतीत औषध सोडून घ्यावे लागते, नाहीतर तीच वाळवी शेजारच्या दाराच्या चौकटीत जाते.

पूर्वेकडच्या खिडक्यांची गोष्ट वेगळी निघाली. त्या पावसाळ्यात इतक्या घट्ट बसत की खांदा लावल्याशिवाय उघडत नसत आणि म्हणूनच त्या बदलाव्यात असा घरात आग्रह होता. परंतु ओल शोषून लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगते आणि कोरड्या हवेत पुन्हा आकसते. जुलैत अडकणारी झडप फेब्रुवारीत मोकळी फिरत असेल तर तो बिघाड म्हणता येत नाही. उन्हाळ्यात कडेचे लाकूड थोडे रंधून, उघड्या पडलेल्या कडांना सर्व बाजूंनी रंगाचा हात दिला की पुष्कळ वर्षांची सोय होते. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या येळ्ळूरच्या सुतारांनीही तेच सांगितले होते : "बाई, लाकूड दांडेलीचं हाय, ही चौकट काढू नका बघा. खालची पट्टी तेवढी नवी जोडून देतो." एका झडपेची खालची पट्टी कुजली होती, त्यांनी कुजलेला भाग पलीकडच्या चांगल्या लाकडापर्यंत कापून काढला, तिरका सांधा घेऊन सागवानाचा नवा तुकडा इपॉक्सीने बसवला आणि आता रंगाखाली तो जोड शोधूनही सापडत नाही. काचेच्या कडेची तडकलेली लांबी (पुट्टी), फुटलेले तावदान, सैल झालेली बिजागरी, न लागणारी कडी ही सगळी सुताराची कामे आहेत आणि त्यांच्यासाठी संपूर्ण खिडकी बदलणे म्हणजे चांगले सागवान फुकट घालवणे होय. जुना रंग घासताना मात्र पाण्याचा वापर करावा आणि मुलांना दूर ठेवावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम २०१६ साली आला, त्यामुळे त्याआधीच्या रंगांच्या थरांत शिसे असू शकते आणि कोरडी घासणी केल्यास ते धुळीबरोबर श्वासात जाते.

कोणत्याही ऋतूत झडप बसतच नसेल तर चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. त्यांत ठळक फरक आला आणि खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीत तिरकी भेग गेलेली दिसली, तर दोष खिडकीचा नसून भिंत किंवा पाया खचल्याचा असतो. अशा वेळी आधी इंजिनिअरला बोलवावे, कारण नवी खिडकीही त्याच दाबाखाली येईल. तसेच आत येणारे पाणी खिडकीतून येते की भिंतीतून, हे ठरवल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत. कारखान्याच्या मुलाने यासाठी साधी परीक्षा केली. बागेतील नळी घेऊन त्याने प्रथम खिडकीच्या खालच्या भिंतीवर, मग कडेच्या सांध्यावर आणि शेवटी झडपेवर पाणी मारले आणि प्रत्येक वेळी आत कोणीतरी हात लावून पाहत उभे राहिले. स्वयंपाकघराच्या खिडकीत पाणी येत होते ते छज्ज्याच्या खालच्या बाजूला थेंब तोडणारी खाच नसल्यामुळे. गवंड्याने ती खाच काढल्यावर ओल थांबली आणि ती खिडकी आजही आहे तिथेच आहे. खानापूरकडील जांभ्याच्या घरांत ही परीक्षा विशेष महत्त्वाची, कारण जांभा सच्छिद्र असतो आणि बाहेरचा गिलावा तडकला की भिंतच पाणी आत आणते.

लोखंडी खिडक्यांचा प्रश्न आमच्या घरी नव्हता, पण शेजारी होता म्हणून लिहिते. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापते, त्यामुळे गंज तावदानाला कोपऱ्यातून दाबतो आणि काच आपोआप तडकते. बदललेली काच पुन्हा त्याच कोपऱ्यात तडकत असेल किंवा खालच्या पट्टीला आरपार भोक पडले असेल, तर ती खिडकी काढावी. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांत बहुतेक तक्रारी चाकांच्या, ब्रशच्या आणि रबराच्या असतात. हे तिन्ही भाग स्वतंत्र मिळतात.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. अंदाजपत्रकात झडप, काच, जाळी, ग्रील, जुनी चौकट काढणे आणि गवंडीकाम यांचे दर वेगवेगळे दिले होते. कागद इंग्रजीत होता. मालकांनी तो मराठीत ओळीने समजावून सांगितला आणि यूपीव्हीसीच्या पोकळ पट्ट्यांच्या आत गॅल्व्हनाइझ्ड पोलादी पट्टी प्रत्येक ठिकाणी असेल असे हाताने लिहून दिले. ही पट्टी महत्त्वाची आहे, कारण यूपीव्हीसी स्वतः तितके ताठ नसते आणि पट्टी वाचवलेली मोठी झडप काही वर्षांत वाकते. कारखान्यात गेल्यावर कापलेल्या तुकड्याची आतील रचना त्यांनी आम्हाला दाखवली. चांगला कारखानदार हे दाखवायला कधी कचरत नाही. एकूण खर्च अॅल्युमिनियमच्या साध्या सरकत्या खिडकीपेक्षा जास्त आणि नव्या सागवानी खिडकीपेक्षा कमी आला.

सरकती घ्यावी की बिजागरीची, या प्रश्नावर त्यांनी पश्चिमेसाठी बाहेर उघडणाऱ्या बिजागरीच्या झडपेचा आग्रह धरला आणि पावसाळ्याने त्यांना खरे ठरवले. अशा झडपेला वारा बाहेरून दाबतो तेव्हा ती चौकटीच्या रबरावर अधिकच घट्ट बसते. सरकत्या खिडकीत झडप फिरण्यासाठी फट ठेवावीच लागते आणि खालच्या रुळात साचलेले पाणी निचऱ्याच्या भोकांतून बाहेर गेले तरच आत येत नाही. जिथे जागेअभावी आम्हाला सरकती खिडकी घ्यावी लागली, तिथे गिलावा सारखा करताना गवंड्याने सिमेंटने ती भोके बुजवली होती. पहिल्याच जोराच्या पावसात रूळ भरून पाणी खोलीत उतरले. कारखान्याचा माणूस दुसऱ्या दिवशी आला, त्याने भोके मोकळी करून दिली आणि पैसे घेतले नाहीत. तरीही ही तपासणी काम ताब्यात देतानाच व्हायला हवी होती आणि तेवढी उणीव मी नोंदवते. सरकती खिडकी घेणाऱ्या प्रत्येकाने रुळात तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते का, हे मिस्त्री निघून जाण्यापूर्वी पाहावे.

बसवण्याचे काम मात्र फार काळजीपूर्वक झाले. उघड्या भिंतीची रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजून त्यांतील सर्वांत लहान माप धरले गेले. चौकट पाणसळीत आणल्यावर पाचरी दिल्या, साधारण दोन-दोन फुटांवर स्क्रू घेतले, मग भिंत आणि चौकट यांच्यामधील फटीत फोम भरला आणि बाहेरून सिलिकॉनची सलग रेघ ओढली. नुसत्या फोमवर समाधान मानू नये; उन्हाने त्याचा भुगा होतो आणि पाणी त्यातून वाट काढते. खालच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला की नाही, हेही आवर्जून पाहावे.

ग्रील आणि डासांची जाळी यांची रचना आम्हाला पूर्णपणे समाधानकारक वाटली नाही. बाहेर काचेची झडप, मध्ये ग्रील आणि आत जाळीची झडप अशी मांडणी असल्यामुळे काच उघडायला आधी जाळी उघडून ग्रीलमधून हात घालावा लागतो. वयस्कर माणसांना ते जड जाते. एका खोलीत आम्ही आतून उघडणारे ग्रील करून घेतले, कारण आग लागली तर बाहेर पडायला किमान एक वाट हवी. हे कारखान्याने सुचवले नव्हते, आम्ही मागितले. घरात वृद्ध किंवा लहान मुले असतील तर मागावेच.

दुहेरी काचेविषयी त्यांनी सरळ सल्ला दिला. बेळगावच्या सौम्य हवेत उष्णता अडवण्यासाठी तिचा खर्च भरून निघणे कठीण आहे; रेल्वे गेटाजवळच्या घरांत आवाजासाठी ती घ्यावी, पण तेथेही आधी फटी बंद करून पाहाव्यात, कारण आवाज मुख्यतः फटींतूनच येतो. ज्यांच्याकडे आधीच दुहेरी काच आहे आणि दोन काचांच्या मध्ये धुके धरू लागले आहे, त्यांनी केवळ काचेचा संच बदलावा, चौकट नव्हे.

नव्या खिडक्यांमुळे घरात एक बदल झाला आहे आणि त्याची कल्पना आधी असलेली बरी. जुन्या झडपांच्या फटींतून हवा खेळत असे, ती आता खेळत नाही. जुलैत कपडे घरात वाळत असताना आणि स्वयंपाकाची वाफ कोंडलेली असताना पश्चिमेच्या खोलीत कपाटामागे बुरशी धरू लागली. रोज दुपारी पाऊस थांबल्यावर झडपा उघडल्या आणि स्वयंपाकघरात हवा बाहेर टाकणारा पंखा बसवला, तेव्हा ती आटोक्यात आली. खिडक्यांची मागणी देतानाच पंख्यासाठी जागा सोडून घ्यावी.

काढलेल्या लाकडाचे काय करायचे, हेही काम सुरू होण्याआधी लिहून घ्यावे. पुष्कळ ठेकेदार जुन्या चौकटी मोडीत धरून नेतात. आमच्या पश्चिमेच्या चौकटींचा फक्त खालचा भाग कुजला होता. वरच्या लांब पट्ट्या खणखणीत सागवानाच्या होत्या. वाळवी लागलेली चौकट तेवढी जाळून टाकली आणि बाकीच्या पट्ट्यांतून सुतारांनी पूर्वेच्या झडपांची दुरुस्ती करून एक बाकही करून दिले.

एकंदरीत, तपासणी आणि बसवण्याचे काम यांसाठी मी या कारखान्याची मनापासून शिफारस करीन. जाळीची मांडणी आणि काम ताब्यात देताना होणारी तपासणी या दोन बाबतींत त्यांनी सुधारणा करावी. मागणी दिल्यापासून खिडक्या बसेपर्यंत सांगितलेल्यापेक्षा अधिक वेळ लागतो, म्हणून मृगापूर्वी काम व्हायला हवे असेल त्यांनी फेब्रुवारीतच मापे घ्यायला बोलवावे आणि त्या आधीच्या पावसाळ्यात कोणत्या खिडकीतून, कोणत्या बाजूने पाणी आले, याची नोंद करून ठेवावी. मापे घ्यायला येणाऱ्या माणसाला कोरड्या दिवसांत तीच नोंद उपयोगी पडते.